रिकिबीची वादी थोडी सैल करा

प्रति,
माननीय श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



हे पत्र भोपाळहून येतंय आणि तरी मराठीत आहे, याचं नागपूरकराला नवल वाटू नये. १ नोव्हेंबर १९५६ला जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि नव्या मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळला थाटला गेला. फायलींच्या गठ्ठ्यांमागोमाग कारकूनही आले. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत त्यांनी तुळशी लावल्या, गणपती बसवले आणि बैतुलमार्गे नागपूरला जाणं-येणं चालू ठेवलं. त्या घरांतली चौथी पिढी आता लर्निंग लायसन्सच्या वयाला आली आहे. हे पत्र त्याच पिढीतल्या एका मुलाबद्दल आहे. तो पत्रलेखकाचा भाचा. वय अठरा, उंची सहा फूट दोन इंच, म्हणजे १८८ सेंटिमीटर. त्याला पहिली मोटरसायकल घ्यायची आहे.

यात केंद्रीय मंत्र्याने लक्ष घालावं असं काय आहे, असं आपल्या कार्यालयातल्या कुणाला वाटेल. आहे, आणि ते मिलिमीटरमध्ये सांगता येतं.

घरात बैठक बसली तेव्हा निकाल पाच मिनिटांत लागला होता. आजोबा म्हणाले, "एवढा ताडमाड मुलगा, याला बुलेटच शोभेल." आत्याने मान डोलावली. शेजारच्या शर्माजींनीही हिंदीतून दुजोरा दिला. उंच मुलगा म्हणजे बुलेट, हे समीकरण भोपाळातच नाही, नागपुरात आणि पुण्यातही तितकंच पक्कं आहे. भाचा मात्र या काळातला. त्याने मोबाइल काढला आणि आकडे वाचून दाखवले. बुलेटच्याच घराण्यातल्या, रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५०ची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटर उंच. आणि हिरोची एचएफ डिलक्स, जी दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे वापरतात, तिची सीट? तीही ८०५ मिलिमीटर. एका मिलिमीटरचाही फरक नाही. फरक आहे तो वजनात: क्लासिक १९५ किलोची, एचएफ डिलक्स ११०च्या आसपास.

आजोबा थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "पण शोभते तर बुलेटच ना!"

शोभणं आणि बसणं यातला हा घोळ आहे. मोटरसायकल भारदस्त दिसते ती टाकीच्या फुगीरपणामुळे, मडगार्डच्या पत्र्यामुळे, इंजिनाच्या आकारामुळे. तिच्यावर बसणाऱ्याच्या गुडघ्याला त्या भारदस्तपणाशी काही देणंघेणं नसतं. नवशिक्या तर पहिल्या महिन्यात एकदा तरी गाडी आडवी पाडणारच, आणि आडवी पडलेली १९५ किलोची गाडी उचलताना उंची कामी येत नाही, कंबर येते. पाय लांब असले म्हणजे गाडी पेलेल, हाही असाच एक समज. गाडी एका मर्यादेपलीकडे कलली की पाय कितीही लांब असो, ती जाते.

आता मुख्य गोष्ट. कंपन्या माहितीपत्रकात सीटची उंची छापतात. बुटक्या माणसाला तेवढं पुरतं, कारण त्याची अडचण खाली असते: पाय टेकतात की नाही? उंच माणसाची अडचण वर असते. त्याचे पाय कुठेही टेकतात. प्रश्न असतो तो पाय उचलून फूटरेस्टवर ठेवल्यावर गुडघ्याचं काय होतं, हा. सीट आणि फूटरेस्ट यांच्यातलं अंतर कमी असेल तर गुडघा इतका दुमडतो की अर्ध्या तासात मांडीला पेटके येतात. सीट आणि हँडल यांच्यातलं अंतर कमी असेल तर गाडी वळवताना हँडलचं टोक गुडघ्यावर आपटतं. सीट, फूटरेस्ट, हँडल या तीन बिंदूंचा जो त्रिकोण होतो, त्यात माणूस बसतो. सीटची उंची ही त्या त्रिकोणाची बाजूच नव्हे. ती फक्त त्रिकोण जमिनीपासून किती वर टांगला आहे ते सांगते.

आकडा फसवतो कसा, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे बजाजची ॲव्हेंजर. सीट अवघी ७३७ मिलिमीटर. कागदावर बघितलं तर सहा फुटी माणसाने तिच्या वाटेलाच जाऊ नये. पण तिचे फूटरेस्ट पुढे ढकललेले आहेत, त्यामुळे पाय आरामखुर्चीत बसल्यासारखे लांब पसरतात. उलट स्प्लेंडर प्लसची सीट तिच्याहून जवळजवळ पाच सेंटिमीटर उंच, ७८५ची, आणि तिथे भाच्याचे गुडघे टाकीच्या बाजूंना चिकटण्याऐवजी बाहेर काढावे लागतात, नाहीतर हँडल वळत नाही. माहितीपत्रक वाचून यातलं काहीही कळलं नसतं. बसूनच कळलं.

बसूनच कळतं, हे वाक्य सोपं आहे. अंमलात आणायला गेलं की कायदा आडवा येतो.

भाच्याकडे आहे लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसन्सच्या चाचणीला बसण्याआधी किमान तीस दिवस थांबावं लागतं. शहरातल्या एका शोरूममध्ये तो गेला तेव्हा विक्रेत्याने अगदी प्रेमाने चहा पाजला आणि सांगितलं, टेस्ट राइड पक्क्या लायसन्सशिवाय मिळणार नाही. त्या माणसाची चूक नाही. गाडी पडली, कुणाला लागलं, तर जबाबदारी त्याच्यावर. पण याचा अर्थ असा, की जो पहिल्यांदा गाडी घेतोय, ज्याला निवड करायची सगळ्यात जास्त गरज आहे, तोच ती न चालवता घेतो. स्टँडवर उभ्या असलेल्या गाडीवर दोन मिनिटं बसायचं, आरशात बघायचं, आणि हप्त्याच्या कागदावर सही करायची. पँट शिवायलासुद्धा माणूस दोनदा ट्रायल घेतो, साहेब.

नियमात शिकाऊ चालकाची सोय आहे, नाही असं नाही. मोटार वाहन नियमांप्रमाणे शिकाऊ माणसाने मोटरसायकलवर मागे कुणाला बसवू नये. शिकवणारा परवानाधारक असेल तर त्याला बसवावं. चारचाकीत शिकवणारा शेजारी बसतो, ते ठीक. मोटरसायकलवर काय होतं ते पत्रलेखकाने जंबुरी मैदानात स्वतः अनुभवलं. शिकवणारा मामा पाच फूट पाच, पुढे बसलेला भाचा सहा फूट दोन. मामाला पूर्ण वेळ फक्त पाठ दिसली. कधी ब्रेक दाबायचा ते मामा आवाजावरून सांगत होता.

त्या मैदानातच एक गोष्ट लक्षात आली, जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. उंच नवशिक्यांची खोड वेगळी असते. बुटका शिकाऊ पहिल्या दिवसापासून क्लचवर भरवसा ठेवायला शिकतो, कारण पायांवर ठेवता येत नाही. उंच मुलाचे दोन्ही तळवे आरामात जमिनीला लागतात, म्हणून तो गाडी चालवत नाही, चालत चालवतो. हळू वेगात दोन्ही पाय खाली, बदकासारखे. हाफ क्लच, मागचा ब्रेक आणि नजर या तिघांवर हळू वेगातली मोटरसायकल तोलली जाते, आणि उजवा पाय जमिनीवर असला की मागचा ब्रेक गेला. मैदानात हे खपतं. ईदगाह हिल्सच्या चढावर, पुढे सिटी बस थांबलेली असताना, खपत नाही. तिथे डावा पाय खाली आणि उजवा ब्रेकवर हवा, नाहीतर गाडी मागे घरंगळते. श्यामला हिल्स, अरेरा हिल्स, ईदगाह हिल्स... या शहराची नावंच सांगतात की इथे सपाट रस्त्यावर शिकून भागायचं नाही. आणि मोठ्या तलावाच्या कडेने जाणाऱ्या व्हीआयपी रोडवर पावसाळी वारं आडवं आलं की ताठ बसलेला सहा फुटी माणूस शिडासारखा वारा धरतो. शंभर-सव्वाशे किलोची गाडी मग वाऱ्याच्या मर्जीने सरकते. भाच्याला तिथे एकट्याने पाठवण्याआधी महिनाभर थांबायचं ठरलं आहे.

आरटीओच्या चाचणीतला आठाचा आकडा हा असाच हळू वेगाचा खेळ. पाय टेकला की नापास. हँडल पूर्ण वळवायचं, आणि नेमकं तिथेच ते गुडघ्याला अडतं. ज्या मुलाचा तोल चांगला आहे तोही अशा वेळी पाय टेकतो, आणि परीक्षकाला दिसतो तो फक्त टेकलेला पाय.

आता थोडं विषयांतर, पण भोपाळचंच. डिसेंबर १७३७मध्ये बाजीराव पेशव्याने याच शहराजवळ निजामाला कोंडलं आणि जानेवारी १७३८मध्ये दोराह्याला तह झाला. दोराहा इथून फार लांब नाही, सीहोर जिल्ह्यात. पेशव्याच्या फौजेतली दख्खनी तट्टं, ज्यांना भीमथडी म्हणत, दिसायला काही राजेशाही नव्हती. चिवट, लहान चणीची जनावरं ती. त्यांच्यावर बसणारे शिलेदार मात्र सगळे एका मापाचे असतील कसे? कुणी उंच, कुणी ठेंगणा. तरी प्रत्येकाचा पाय रिकिबीत बरोबर बसत असे, कारण रिकिबीच्या वादीला भोकं असतात. उंच स्वाराने वादी दोन भोकं सैल करायची, ठेंगण्याने आवळायची. घोडा तोच, वादी प्रत्येकाची आपापली.

पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ लोटला आणि स्वाराच्या पायाचं माप घेणारी वस्तू आपण गमावून बसलो. सायकलच्या दुकानातल्या सर्वांत स्वस्त सायकलची सीटसुद्धा एक नट सैल करून वर-खाली होते. कारची सीट पुढे-मागे सरकते. न्हाव्याची खुर्ची पायाने दाबून उंच करता येते. फक्त मोटरसायकल, जिच्यावर या देशातली कोट्यवधी माणसं रोज बसतात, ती म्हणते: माझ्या मापात ये.

कंपन्यांची बाजू कळते. २०२०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात एकोणीस वर्षांच्या भारतीय मुलाची सरासरी उंची १६६ सेंटिमीटरच्या आसपास आली, तर नेदरलँड्सच्या मुलाची १८४च्या जवळ. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय देहमापांवरचं पुस्तक काढलं. आरेखन करणारे त्यातलाच पर्सेंटाइलचा हिशोब धरतात. साधारणपणे पाचव्या ते पंच्याण्णवाव्या पर्सेंटाइलपर्यंतच्या माणसाला वस्तू बसली की काम झालं. भाचा त्या रांगेच्या बाहेर उभा आहे, आणि त्याच्या एकट्यासाठी स्प्लेंडरचा साचा बदलावा असं कुणी म्हणणार नाही. शिवाय ७८५ मिलिमीटरच्या सीटवर पाच फूट दोन इंचांची बाई आत्मविश्वासाने पाय टेकवते, हे काही लहान काम नाही.

म्हणून मागणी साच्याची नाही. मागणी आकड्याची आहे, आणि तिच्याकडे वळण्याआधी आपल्याशी थेट संबंध असलेली एक गोष्ट.

५ जुलै २०२४ रोजी पुण्यात आपण एका मोटरसायकलीच्या अनावरणाला हजर होतात. बजाज फ्रीडम १२५, सीएनजीवर चालणारी जगातली पहिली मोटरसायकल म्हणून तिचं नाव झालं. भाषणं इंधनाची झाली, प्रदूषणाची झाली, खर्चाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या गाडीत आणखी एक गोष्ट होती जिच्याबद्दल कुणी टाळी वाजवली नाही. सीएनजीची दोन किलोची टाकी सीटखाली आडवी बसवायची म्हणून अभियंत्यांना सीट उचलावी लागली आणि लांब करावी लागली. उंची ८२५ मिलिमीटर, लांबी ७८५. म्हणजे स्प्लेंडर जेवढी उंच, तेवढी ही लांब! आपण त्या दिवशी गॅसच्या गाडीवरचा पडदा काढलात आणि नकळत उंच मुलाच्या गाडीवरचाही.

सीटची लांबी हा उंच माणसाचा दुसरा दुर्लक्षित आकडा. गुडघ्याला जागा हवी म्हणून तो आपोआप मागे सरकतो, आणि मागे बसलेली आई कॅरियरच्या नळीवर जाते. मराठी घरात पहिली मोटरसायकल कधीच एकट्या मुलाची नसते. तिच्यावर आईला भाजी आणायची असते, आजोबांना बँकेत जायचं असतं. फ्रीडमवर भाचा आणि त्याची आई दोघंही बसून बघितली. दोघांना जागा पुरली, गुडघा सुटा राहिला. कुरबूर एकच: ती दीडशे किलोच्या घरात जाते, साध्या सव्वाशे सीसीच्या गाडीपेक्षा बरीच जड. नवशिक्याला ते जाणवतं.

सीट उंच असलेल्या बाकीच्या गाड्या बऱ्याचशा एका गोत्रातल्या: साहसी सफरीच्या. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही, सीट ८२५. तिची मोठी बहीण एक्सपल्स २१०, ८३०. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, ८३५. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, जिची सीट हाताने ८२५वरून ८४५वर नेता येते. या शेवटच्या वाक्यावर क्षणभर थांबावं. चेन्नईच्या कंपनीने भारतात बनवलेल्या गाडीत रिकिबीची वादी परत आली आहे, दोन भोकांची का होईना. जमत नाही, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

पण ही हिमालयन ४५२ सीसीची. २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा कर २८ टक्क्यांवरून १८वर आला आणि त्यावरच्यांचा ४० टक्के झाला. कर अर्थमंत्र्यांच्या अखत्यारीतला विषय, आपल्या नव्हे. तरी हिशोब मांडून बघावा. ज्याच्या पायांना वर-खाली होणारी सीट हवी त्याला ती मिळते मोठ्या इंजिनाबरोबर बांधून, आणि इंजिनाबरोबर येतो चाळीस टक्के कर. नवशिक्याला चाळीस अश्वशक्ती नको आहे. त्याला गुडघा सरळ करायला चार बोटं जागा हवी आहे. देशात उंचीवर कर नाही, पण पावती बघितली तर तो भरलेला दिसतो.

या अश्वशक्तीचंही एकदा बघायला हवं. युरोपीय संघात २०१३पासून मोटरसायकलचं लायसन्स पायऱ्यांनी मिळतं: आधी १२५ सीसीपर्यंत, मग मधल्या ताकदीची, आणि अनुभव झाला की मोठी. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचं एकच लायसन्स. आज भोपाळात कोकत्याच्या आरटीओत शंभर सीसीवर आठ काढला, की उद्या हजार सीसीवर बसायला मोकळा. २०२२मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची. हे आकडे आपल्याच मंत्रालयाने छापले आहेत. मध्य प्रदेशातलेच १३,४२७.

उंच मुलगा या गणितात वेगळा धोक्यात सापडतो. त्याला सगळे मोठी गाडी सुचवतात, कारण छोटी 'दिसायला' बरी दिसत नाही. खेळण्यावर बसल्यासारखा दिसतोस, असं मित्र चिडवतात. आणि मग पहिली गाडी म्हणून चारशे सीसीची घेतली जाते, ती चालवता येते म्हणून नव्हे, फोटोत प्रमाणात दिसते म्हणून.

एक बारकी गोष्ट बुटांची. भाच्याचा जोडा अकरा नंबरचा. कम्यूटर गाड्यांना टाच आणि पंजा दोन्हींनी दाबायचा लांब गिअर लिव्हर असतो. मोठा जोडा त्या दोन पाट्यांच्या मध्ये असा अडकतो की गिअर टाकताना पाय उचलून बाहेर काढावा लागतो. यावर उपाय आहे, फुकटातला. लिव्हरचा बोल्ट सैल करून तो एक दाता वर-खाली बसवायचा. कुठलाही चांगला मिस्त्री दोन मिनिटांत करतो. पण सांगितल्याशिवाय करत नाही, आणि सांगायचं असतं हे नवशिक्याला माहीत नसतं. सीटमध्ये फोम वाढवून घेण्याचंही तसंच. गद्दीवाला एका दुपारी दोन इंच चढवतो, फक्त मऊ फोम घेऊ नये, तो महिन्याभरात दबतो आणि माणूस परत होता तिथे.

आता मागणी.

आपल्या नियमांनी आजवर दुचाकीवरच्या कुणाकुणाची काळजी घेतली ते आठवावं. नियम १२३ म्हणतो, मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी, साडीचा पदर अडकू नये म्हणून. किती भारतीय, किती शहाणा नियम! २०२२च्या दुरुस्तीत आपण चार वर्षांखालच्या मुलाचा विचार केलात: त्याला पट्टा, त्याला हेल्मेट, आणि वेग ताशी चाळीसच्या वर नको. गाडी विकताना हेल्मेट द्यायचं बंधनही नियमात आहे, आणि १ ऑगस्ट २०२५पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही, असा आदेश भोपाळच्या जिल्हा प्रशासनाने काढला. पदर, मूल, डोकं. चालवणाऱ्याचा पाय तेवढा राहिला.

पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे वाहन-मानकांच्या समितीचं सचिवालय आहे. ही समिती आपल्याच मंत्रालयाने १९९७मध्ये नेमली. तिला सांगून दोन आकडे सक्तीचे करता येतील: सीटपासून फूटरेस्टपर्यंतचं अंतर, आणि हँडल पूर्ण वळवल्यावर ते सीटच्या पुढच्या टोकापासून किती दूर राहतं ते. कंपन्यांना हे मोजायला नवं यंत्र लागणार नाही. त्यांच्या संगणकावरच्या आराखड्यात ते पडूनच आहेत. माहितीपत्रकात सीटच्या उंचीखाली आणखी दोन ओळी. तेवढ्याने एचएफ डिलक्स आणि क्लासिक ३५० यांचे ८०५ वेगवेगळे कसे, ते कुणालाही घरबसल्या कळेल. आणि पाच फुटी मुलीला आणि सव्वासहा फुटी मुलाला एकाच कागदावरून आपापली गाडी ओळखता येईल.

दुसरं, शोरूमच्या आवारात, बंद फाटकाआड, शिकाऊ लायसन्सवाल्याला शिक्षकासह गाडी वीस मीटर चालवून बघता यावी. रस्त्यावर नको. फक्त एक वळण, पूर्ण हँडलचं. विम्याची आणि जबाबदारीची बाब स्पष्ट करणारं एक परिपत्रक निघालं तर विक्रेतेही नाही म्हणणार नाहीत. चहा पाजून परत पाठवायची त्यांनाही हौस नाही.

पत्रलेखकाच्या घरी निर्णय झाला आहे तो असा. पहिले दोन महिने काकांच्या जुन्या प्लॅटिनावर: सीट ८०७, वजन १२०च्या आत, आणि आणखी एक ओरखडा पडला तर काका रागावणार नाहीत. हाफ क्लच आणि ईदगाह हिल्सचा चढ तिच्यावरच व्हायचा. पक्कं लायसन्स हातात आलं की एक्सपल्स आणि फ्रीडम या दोन्हींची टेस्ट राइड, मग ठरेल. आजोबांचं मत अजून बुलेटचंच आहे, आणि त्यांच्याशी वाद घालायचा नाही असं आत्याने बजावलं आहे.

तोपर्यंत भाचा शहरातल्या शोरूमांत शिंप्याची टेप घेऊन फिरतो. आधी स्वतःच्या पायाची आतली लांबी मोजून घेतली, ८८ सेंटिमीटर. मग प्रत्येक गाडीची सीट ते फूटरेस्ट, सीट ते हँडल. विक्रेते सुरुवातीला हसले. परवा एकाने विचारलं की तो कागद त्यालाही देशील का, अशी गिऱ्हाइकं येतात पण सांगायला काही नसतं. अकरा गाड्यांची मापं झाली आहेत. मंत्रालयाला हवी असतील तर पाठवता येतील. टेप मात्र पाठवता येणार नाही, ती न्यू मार्केटजवळच्या शिंप्याची आहे आणि त्याने ती दोनदा मागितली आहे.

आपला,
भोपाळचा एक मराठी रहिवासी